एका पडद्यावर दोघी

३ फेब्रुवारी, सोमवार

बंद केला. हो, मीच केला. आणि आता वन्सं माझ्याशी बोलत नाहीत.

संगणक सकाळपासून बुद्धिबळात गुंतलेला. वन्सं एक सोंगटी हलवतात आणि मग तो विचार करत बसतो. वीस मिनिटं, कधी चाळीस. यांनी घेतलेला जुना संगणक – हे जाऊनसुद्धा चार वर्षं झाली – तेव्हा तो अजून विचार करतो हेच पुष्कळ. पण एका वेळी एकच काम! त्याचं मनन चालू असेपर्यंत दुसरं काही उघडायचं नाही. वन्सं तेवढ्यात अंघोळ उरकतात, भाजी चिरतात. मी आपली समोर हातावर हात ठेवून. माझ्या शाळेच्या स्मरणिकेसाठी आम्हाला शिकवणाऱ्या छोट्या सिस्टरवर लेख लिहायचाय, पंधरा मार्चच्या आत. आज एक वाक्य सुचलं, फार सुंदर. निसटेल म्हणून बटण दाबलं आणि संगणक पुन्हा सुरू केला.

डाव नऊ दिवसांचा होता. वाक्यही निसटलं.

४ फेब्रुवारी

अबोला. चहा नेऊन दिला तर कपाला उद्देशून म्हणाल्या, "ठेवा."

५ फेब्रुवारी

बोलल्या. न बोलत्या तर बरं होतं.

त्यांची टेलिफोन एक्स्चेंजमधली मैत्रीण आहे, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे, ती कधीची बोलावते आहे. महिनाअखेरीला तिकडे राहायला जाणार. म्हणजे मला खोली मोकळी आणि संगणकही मोकळा. हे सगळं नोकरीतल्या त्यांच्या जुन्या ऑपरेटरच्या आवाजात – ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली, वाढवायची की तोडू, अशा सुरात.

मी म्हणाले, बरं.

बरं काय! एकतीस वर्षं एका घरात काढली आम्ही. लग्न होऊन आले तेव्हा चपला कुठे काढायच्या ते वन्संनी सांगितलं, आणि तेव्हापासून त्या सांगतच आहेत. यांना शिंक आली की ओळीने सात यायच्या, हे आता त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?

८ फेब्रुवारी, शनिवार

संगणक दुरुस्तीवाल्याकडे गेले. गंभीर गृहस्थ. खिशाला पेन आणि पेनाशेजारी स्क्रू ड्रायव्हर. प्रत्येक वाक्य "तसं बघायला गेलं तर"ने सुरू होतं. मी म्हटलं, माझ्या संगणकाला एका वेळी दोन कामं शिकवायची आहेत. त्यांनी मॉडेल विचारलं. सांगितल्यावर माझ्याकडे पाहिलं, डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे पाहतात तसं. तसं बघायला गेलं तर नवीन घ्या, म्हणाले. मी म्हटलं, हा आमच्या यांचा आहे. मग विरघळले.

पडद्यावर खिडक्या पाडून देणारी दोन सॉफ्टवेअर त्यांच्याकडे आहेत. एकात रंग, चित्रं, माउस, सगळा थाट. दुसरं म्हणजे नुसत्या रेघा आणि अक्षरं, गाड्यांच्या वेळापत्रकासारखं. थोडक्यात एक देखणा, एक कमावता. पंधरा दिवस वापरून ठरवा, म्हणाले.

मी देखणा निवडला. ठरवायचं काय त्यात?

११ फेब्रुवारी

देखणा घरात आला! अकरा फ्लॉप्या लागल्या त्याला. एका खिडकीत माझा लेख, दुसरीत काटे फिरणारं घड्याळ. बघतच बसले.

आणि आठवली छोटी सिस्टर. सातवीत भूगोलाच्या पुस्तकाखाली कादंबरी धरून वाचताना तिने मला पकडलं होतं. "वन थिंग ॲट अ टाइम, माय चाइल्ड!" शंभर वेळा लिहून आणायला लावलं, तेही जोडलेल्या, वळणदार अक्षरात. स्वतः जेमतेम साडेचार फूट. फळ्याच्या वरच्या कडेला लिहायचं तर स्टुलावर चढावं लागे, आणि एकीचीही हसायची छाती नव्हती. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्यावरचाच लेख अर्ध्या पडद्यावर ठेवून मी उरलेल्या अर्ध्यात घड्याळ बघते आहे. सिस्टर, माफ करा.

वन्सं दोनदा खोलीतून गेल्या. बघितलं नाही. म्हणजे बघितलं.

१२ फेब्रुवारी

वन्संना म्हटलं, नवा डाव मांडा, आता तुमचं आणि माझं बरोबरच चालेल. त्यांनी प्यादं हलवलं आणि उठल्या. मी दुसऱ्या खिडकीत पाऊण तास लिहिलं. भरभरून! मग त्यांनी येऊन त्यांची खिडकी पुढे घेतली. पट जसाच्या तसा. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं.

"वहिनी, हा विचार करत नव्हता. झोपला होता."

मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तसं बघायला गेलं तर, म्हणाले, तुमच्या मशीनवर यात मागच्या खिडकीतलं काम थांबतंच. हे वन्संना सांगितलं. म्हणाल्या, गिऱ्हाइकाला "थांबा" म्हणायचं आणि आपण घरी निघून जायचं, असला ऑपरेटर त्यांनी पहिल्याच दिवशी हाकलला असता. त्या एका वेळी चाळीस लाइनी सांभाळत. एकही तुटली नाही.

मग माळ्यावरची ट्रंक काढून पुसत बसल्या.

१४ फेब्रुवारी

ट्रंक बोळात आहे. अंगठा ठेचला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कमावता आला. दिसायला खरोखर काही नाही. वन्संनी कसून परीक्षा घेतली. चाल केली, माझी खिडकी पुढे आणली, मला बसवलं आणि म्हणाल्या, काहीही लिहा पण थांबू नका. मी "छोटी सिस्टर छोटी होती" असं चौदा वेळा लिहिलं. पंचवीस मिनिटांनी पट उघडला – काळा घोडा पुढे आलेला!

वन्संचा चेहरा बघायला हे हवे होते.

माझी अक्षरं मात्र रेंगाळतात. "सिस्टर" लिहावं, चहाचा घोट घ्यावा, मग "र" उमटतो. दुरुस्तीवाले म्हणाले, त्यावर उपाय आहे. संगणकाच्या वेळेचे दहा वाटे करायचे, त्यातले कुठल्या खिडकीला किती, ते आपण ठरवायचं. ही किल्ली त्यांनी आम्हा दोघींना एकदमच दाखवली. चुकलेच ते.

१८ फेब्रुवारी

वन्संना सात हवेत. मी विचारलं, बुद्धिबळाला सात?

"तो विचार करतोय," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही नुसत्या टाइप करताय."

मी अर्धा तास फुगून बसले. मग घासाघीस. सात-तीन, पाच-पाच, रविवारी उलट, लेख होईपर्यंत निम्मे... भाजीवालीसमोरसुद्धा एवढ्या अडलो नसू. जेवणं दोन वाजता झाली. शेवटी सहा-चार ठरलं. हे गेल्यापासून आम्ही दोघी सलग इतकं कधी बोललो नव्हतो.

ट्रंक मात्र बोळातच.

२२ फेब्रुवारी

रोज सकाळी माझ्या चाराचे तीन झालेले असतात. मी दुपारी पुन्हा चार करते. 

२६ फेब्रुवारी

मी नसताना वन्संनी लेख वाचला. माझ्याच खिडकीत शिरून! म्हणाल्या, बाई स्टुलावर चढायची ते अगदी सुरुवातीला घ्या, शेवटी कशाला ठेवलंत? मला राग आला. मग घेतलं सुरुवातीला. लेख उभा राहिला.

देखणा परत देऊन आले. त्याच्या घड्याळाची आठवण येते.

ट्रंकेवर आता दोन चादरी घडी घालून ठेवल्यात. तीन दिवस उरले. मी काहीच विचारत नाही. विचारलं आणि त्या "हो, जाते" म्हणाल्या तर?

२९ फेब्रुवारी, शनिवार

महिनाअखेर. वन्सं पटासमोर, माझ्याकडे पाठ. मनात भाषण तयार होतं, एकतीस वर्षांचं, यांच्या शिंकांसकट. तोंडातून एवढंच आलं – "डाव अर्धा आहे, वन्सं. असा टाकून कशा जाल?"

त्यांनी एक प्यादं पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "तेच म्हणते मी."

संध्याकाळी बघते तर ट्रंक माळ्यावर. एकटीने कशी चढवली कोण जाणे. दुखती कंबर घेऊन बाई खुशाल हत्ती हलवत बसली होती.

२ मार्च, सोमवार

दुपारी फोन वाजला. वन्संची एक्स्चेंजमधली मैत्रीण. घर सोडून दोन वर्षं झाली म्हणाली. आता मुलीकडे असते, दोनच खोल्या, हॉलमध्ये झोपते. वन्संचा वर्षभरात आवाजही ऐकला नव्हता, म्हणून आज सहज केला. कशी आहे ती? म्हटलं, मजेत आहे, डावात गुंतली आहे, उठवत नाही. मग नुसतं हं हं करत राहिले.

फोन ठेवला. आतून वन्संनी विचारलं, कोण होतं?

"राँग नंबर."

त्यांनी मान वर केली नाही. "राँग नंबरशी कोणी अकरा मिनिटं बोलत नाही, वहिनी," म्हणाल्या, आणि दोन कळा दाबून माझ्या खिडकीचे वाटे पाच केले.