तिसरं बटण

२ तारीख, सोमवार

निवृत्त झाल्यापासून जो तो मला सांगतो, आता स्वस्थ बसा. जणू इतकी वर्षं मी वर्गात कोलांट्याच मारत होते. आज त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मी नोकरीवर रुजू झाले.

भाचीने शब्द टाकला म्हणून मिळाली. ताई गेल्यापासून ही पोर माझ्याकडेच वाढली. तिशी उलटली तरी मला ती छकूच. इथे ती भाज्या चिरायच्या विजेच्या यंत्राचा डेमो देते. काचेच्या खोलीत ती आणि यंत्र. बाहेर सहा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे छोटा पडदा, पडद्यावर दोन बटणं. बघणाऱ्याने पहिलं दाबलं की आत घंटी वाजते आणि छकू जाड काप काढते, दुसरं दाबलं की पातळ. लोकांना म्हणे नुसतं बघायचं नसतं, हुकूमही सोडायचा असतो. माझ्या सासूबाईंना त्यासाठी बटणही लागत नसे.

माझं काम खुर्च्यांमागे आडोशाला बसून त्यांचं लक्ष मोजायचं. हाताशी एक गोल चकती आहे. लक्ष वाढलं की ती उजवीकडे फिरवायची, उडालं की डावीकडे, आणि त्याप्रमाणे माझ्यापुढच्या पडद्यावर एक रेघ वर चढते किंवा खाली येते. आधी कॅमेरे लावून पाहिले होते, पण उघड्या डोळ्यांनी झोपणारे कॅमेऱ्याला फसवतात. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. परीक्षेच्या हॉलमध्ये पाठीमागून नुसती मान बघून मी सांगायचे, हा आठवतोय, तो शेजाऱ्याचं बघतोय, ही उपाशी आली आहे.

शाळेत सिस्टर बजावायच्या, कुणाकडे टक लावून बघणं हा असभ्यपणा आहे. आता त्याचाच मला पगार मिळणार. दिवस मजेत गेला.

४ तारीख, बुधवार

मॅनेजरचं नाव मी लोणकढ्या ठेवलं आहे. बोलणं तुपात घोळलेलं आणि त्यातलं निम्मं खोटं. मॅडम, तुम्ही मला आईसारख्या, म्हणाला. मी विचारलं, आईलाही असंच आडोशाला बसवता का? हसला. अशा माणसांना अपमान पचायला वेळ लागत नाही.

कामात मात्र गोडी आहे. यंत्र धुवायचं कसं हे छकू सांगू लागली की माना लुळ्या पडतात. गाजराच्या चकत्या रांगेत पडू लागल्या की सरळ होतात. बीट कापताना सर्वांत जास्त. मी तसं सांगितलं, तर दुपारपासून डेमोत नुसतं बीटच बीट. आपल्या शब्दाला किंमत आहे हे पाहून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

छकूच्या खोलीतही आता पडदा लावलाय, त्यावर तिला ही रेघ दिसते. रेघ चढली की पोरीच्या गालांवर रंग येतो.

६ तारीख, शुक्रवार

आज छकूचं बोट कापलं. पातळ काप काढताना हात घसरला आणि तर्जनीचं टोक बिटाबरोबर पलीकडे गेलं.

सहाही जण पुढे झुकले. कुणी ओरडलं नाही, कुणी उठलं नाही. एक बाई पर्समधलं काहीतरी चघळत होती, तिचा जबडा तेवढा थांबला. आणि मी, इमानदारीची पुतळी, चकती शेवटापर्यंत फिरवली. कारण लक्ष होतंच तेवढं.

मग धावले. दार उघडेना. ते खुर्च्यांना जोडलेलं आहे, एक जरी माणूस बसलेला असला तरी उघडत नाही. डेमोत व्यत्यय नको म्हणून ही सोय. मी काच बडवत होते आणि माझ्या पाठीशी सहा जण रक्त थांबेपर्यंत बसून राहिले. मग कपडे झटकत उठले. सकाळी येताना बाहेरचं दार धरून मला आधी जाऊ देणारा सभ्य म्हातारा त्यांच्यातच होता.

टाके घातले. लोणकढ्याने डॉक्टरांपर्यंत गाडी दिली आणि वाटेत विचारलं, मॅडम, रेघ एवढी वर आधी कधी गेली होती?

९ तारीख, सोमवार

नोकरी सोड म्हणून कालपासून छकूच्या मागे लागले आहे. ऐकत नाही. शेवटी म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं मी कुणाला दिसतच नव्हते गं."

आज गेले तर यंत्राच्या पात्यावरचं झाकण काढून टाकलेलं. आणि खुर्च्यांपुढच्या पडद्यांवर तिसरं बटण, अक्षर नाही, नुसतं हाताचं चित्र. लोणकढ्याचं म्हणणं, हात कसा जपावा याची माहिती हवी असेल त्यांच्यासाठी. मी म्हटलं, मग चित्र लाल कशाला? म्हणाला, रंग उठून दिसतो.

१० तारीख, मंगळवार

बटण पहिल्यांदा त्या सभ्य म्हाताऱ्याने दाबलं.

घंटी वाजली. छकूने हसत तळहात पात्याखाली ठेवला. स्वतः ठेवला, मी पाहिलं. दोन बोटं गेली. घंटी पुन्हा वाजली. मी आडोसा पाडून त्यांच्यावर धावले, चघळणाऱ्या बाईला खांदे धरून ओढलं. बाई दगडासारखी जड. तिने मला चावा घेतला, काचेवरची नजर न काढता. म्हाताऱ्याच्या डोक्यात मी स्टूल घातलं. रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं, ते पुसून तो बघत राहिला.

रक्त थांबल्यावरच ते उठले. डॉक्टरांकडे छकूला विचारलं, का गं केलंस? म्हणाली, घंटी वाजली की हात जातोच, थांबवायचा विचार मागाहून येतो.

११ तारीख, बुधवार

चौकीतून हवालदार आणला. लोणकढ्या म्हणाला, साहेब, आधी जरा बसून तर बघा.

तो बसला.

मी चकती उलटी फिरवली. रेघ खाली येईना. चकती उपटून काढली तरी रेघ चढतच होती. माझ्याकडून जे शिकायचं ते शिकून झालं आहे त्यांचं.

छकूला घरात कोंडलं होतं. खिडकीतून निघून आली. एका हाताने गज वाकवून. पट्ट्या बांधलेल्या हाताने.

१२ तारीख, सकाळ

ते उठले तरच दार उघडतं. मग त्यांना उठवायचं. लोक आपणहून उठून जातील एवढा कंटाळा आणणं बाईंइतकं कुणाला जमणार? आज छकूबरोबर मीही आत जाते. वही पर्समध्ये आहे.

१२ तारीख, आतून

जमलं होतं. यंत्राचा खटका बाहेर आहे, आतून ते बंद होत नाही. म्हणून त्याच्यापुढेच उभी राहिले आणि अपूर्णांक शिकवले. छेद, अंश, पुन्हा छेद. छकूचे हात माझ्या पदरात बांधून ठेवले होते. रेघ आपटली. माना लुळ्या पडल्या. एकेक उठला, हवालदारसुद्धा. दार उघडलं. छकूला बाहेर ढकललं, म्हटलं, घरी पळ —

तेवढ्यात लोणकढ्या आत. हसत. म्हणाला, "काही हरकत नाही, उद्या परत आणू तिला. दुसरा हात आहे की."

मी त्याचं मनगट धरलं.

कधी कुणाला छडी मारली नव्हती मी. आधी बोटं, मग पंजा, मग बाहीसकट — आवाज बिटाचाच येतो. मग मान धरून — तो एकदाच ओरडला. काच आतून लाल झाली. मी ती पदराने पुसली, बाहेरच्यांना नीट दिसावं म्हणून.

का पुसली मी?

ते परत आले. धावत. खुर्च्या भरल्या. दार लागलं.

तो खाली पडलाय. हलत नाही. रेघ पडद्यात मावत नाही आणि मला — बरं वाटतंय. देवा, बरं वाटतंय.

घंटी.

पोर खरं बोलत होती. विचार मागाहून येतो. डाव्या हाताची दोन. उजवा आहे अजून, लिहिता येतंय.

लिहू लागले की ते बटण दाबायचे थांबतात. बाई काय लिहिताहेत म्हणून बघतात. म्हणून लिहीत राहायचं. नीरस लिहायचं. कंटाळले पाहिजेत —

सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस. रेघ उतरते आहे. म्हातारा उठला. सात चोक अठ्ठावीस. चघळणारी गेली. हवालदार जांभई देतोय — उठला. सात पाचा पस्तीस. आणखी दोघे —

एकच खुर्ची भरलेली आहे.

छकू.

घरी का नाही गेलीस?

ऊठ. तू उठलीस की दार उघडेल. शेवटची तूच आहेस —

उठत नाही. पट्टीचा हात मांडीवर. दुसरा पडद्याशी. पुढे झुकली आहे. लहानपणापासून एकदाही ही माझ्याकडे एवढं लक्ष देऊन —

रेघ चढते आहे —

छकू, मावशी आहे गं. बाळ, ऊठ —

बोट तिसऱ्या —