मनीसाठी काकाच्या दारी

बाळ,

शिलाई मशीन विकायचं आधी डोक्यातून काढ. मनीच्या पोटातली गाठ काढायचे पैसे मी आणतो.

तुझ्या काकाकडे चाललोय. हो, काकाकडेच. नऊ वर्षं त्याचा उंबरा चढलो नाही, पण सकाळी फोन केला तर "ये, दादा" एवढंच म्हणाला. नाक मुठीत धरून मागेन. चार शब्द सुनावले तर ऐकून घेईन.

मनीला खायला काही देऊ नकोस, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. तुझी आई गेल्यावर महिनाभर तीच माझ्या उशाशी बसून होती. तिला अशी जाऊ देणार नाही. चार वाजता टोपलीत घालून दवाखान्यात आण, मी तिथेच असेन.

आणि वाटणीच्या वेळी चूक माझी होती, हेही आज त्याला सांगणार आहे. पैसे मिळोत न मिळोत.

बाबा