विनीच्या नावावरचा पक्षी

प्रिय मॅव्हिसताई,

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढवत असेल तर जपून चढा, आणि चढवत नसेल तर तसं कबूल करून खालच्या खोलीत झोपा. इकडे सफोकमध्ये हवा कोरडी आहे, माझी प्रकृती ठीक आहे आणि विनीची मांजर अजूनही मला भाडेकरू समजते. विनी गेल्यापासून तुम्ही दर रविवारी फोन करता आणि मी ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ यापलीकडे जात नाही, म्हणून हे पत्र. कागदावर मला जरा जास्त बोलता येतं.

विनीचा मेटल डिटेक्टर दारामागे तसाच उभा होता. न वापरल्यास बॅटरी खराब होते, असं मी स्वतःला सांगितलं आणि तो घेऊन गॅरडच्या शेतावर गेलो. (गहू निघालाय. फाटक लावून घेतलं, खड्डेही बुजवले. विनीने शिकवलेलं सगळं पाळलं.) कुंपणाच्या कोपऱ्यात यंत्र असं किंचाळलं की मीच त्याची माफी मागितली. निघाली एक पितळी वस्तू: तळहाताएवढी, वर चोचीचा पक्षी, मध्ये तीन भोकं, खाली काही अडकवायचा आकडा. घरी आणून मी ती भांड्यांच्या साबणाने घासली. जमिनीतून काढलेली वस्तू कधी धुवायची नसते, हे विनीने शिकवलं असेलही, पण संसारात भांडी माझ्याकडे होती, त्यामुळे हात आपोआप चालले. विनीच्या खणणाऱ्यांच्या क्लबात हे सांगितल्यावर मिसेस पेटिट खुर्ची शोधून बसल्या.

क्लबची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. महिन्यातून एकदा गावच्या हॉलमध्ये ज्याने त्याने आपली वस्तू टेबलावर मांडायची, पुढे कप ठेवायचा आणि आवडलेल्या वस्तूच्या कपात इतरांनी बटण टाकायचं. बटणं सगळी विनीने खणून आणलेली. तिला आयुष्यभर बटणं, काडतुसांच्या टोप्या आणि बिअरच्या डब्यांच्या कड्याच सापडल्या. तिच्या कपात मात्र कधी बटण पडलं नाही. खरी जुनी वस्तू निघाली तर ती जिल्ह्याच्या नोंदीत शोधणाऱ्याच्या नावासकट जाते. तिला तेवढं एकदा हवं होतं. म्हणून यावेळी विचारलं तेव्हा मी शोधणारी म्हणून विनीचं नाव सांगितलं.

तोवर पक्ष्यावरून जुंपली होती. अध्यक्ष ऑलर्ड म्हणत होते, सॅक्सन सरदाराच्या ढालीवरचा गरुड. मिसेस पेटिटच्या मते रोमन पळीचा दांडा. एकमत होईना तेव्हा नेहमीप्रमाणे ‘पूजाविधीची वस्तू’ असं ठरवून सगळे चहाकडे वळले. पण नाव ऐकून ऑलर्ड थांबले. यंत्र ज्याच्या हातात, वस्तू त्याची, असा नियम आहे आणि गेलेल्या माणसाला काही सापडू शकत नाही, असं ते शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले. मी त्या हॉलमध्ये आजवर साखरेशिवाय काही मागितलेलं नाही. पण उभा राहिलो.

“मी नुसता धरून चाललो,” मी म्हणालो. “सापडलं तिला.”

मग ऑलर्ड म्हणाले, “लग्न झाल्यापासून तू तेच करतोयस, क्लेमंट.” आणि त्यांनीच पहिलं बटण टाकलं. कप भरून बटणं टेबलावर सांडली.

आता वस्तू संग्रहालयातल्या मिस लेगेटकडे आहे. तिने ती भिंगातून बराच वेळ पाहिली, मग भिंग खाली ठेवून मलाच बराच वेळ पाहिलं, आणि आणखी अभ्यास करावा लागेल, असं फार प्रेमाने म्हणाली. पुढच्या सभेला ती निकाल घेऊन येणार आहे.

गुडघ्याला ऊब द्या. मांजरीतर्फे काही निरोप नाही.

तुमचा,
क्लेमंट

ता. क. तुमचं पुडिंगचं भांडं माझ्याकडेच आहे. धुतलेलं आहे.

ता. क. पुन्हा. लिहायचं होतं ते हे. त्या हिवाळ्यात तुम्ही पितळकामाच्या वर्गाला जात होता, तेव्हा विनीला खुरपं लटकवायला एक बदक ओतून दिलं होतं ना? स्वयंपाकघरात टांगलंय, असं ती तुम्हाला सांगायची. मी स्वयंपाकघर पालथं घातलं, बदक नाही; खणायला नेऊन शेतातच हरवलं असेल. त्याला तीन भोकं होती का? तसं असेल तर विनीची नोंद हुकली, पण कृपा करून उत्तर पत्राने देऊ नका. सभेला या आणि ऑलर्डना तोंडावर सांगा, त्यांचा गरुड कोणी केला ते. विनी हसून हसून खुर्चीवरून पडली असती. तिची खुर्ची माझ्या शेजारीच असते, आणि मला एकट्याला तेवढं हसता येत नाही.