वगळलेले एकतीस

प्रिय शहाण्या,

आई तुला या नावानं कौतुकानं हाक मारायची, मी आज रागानं मारतेय. तुझा तो प्रोग्रॅम सोमवारपासून आमच्या रेडिएशन विभागात सुरू होतोय. पेशंटच्या रक्ताचे रिपोर्ट टाकले की कोणाला रेडिएशन बाधणार, हे तो आधीच सांगणार. बाधणाऱ्यांचा डोस बदलायचा, बाकीच्यांना पूर्ण द्यायचा. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि तुझी बहीण म्हणून मीही मिरवून घेतलं.

मग तुझा अहवाल वाचला. मी डॉक्टर नाही, मशीन चालवणारी आहे. पण वीस वर्षं रोज माणसांना त्या टेबलावर झोपवून तोंडापासून गळ्यापर्यंत जाळीचा मास्क बसवतेय. आमच्या रजिस्टरातले घशाच्या कॅन्सरचे तीनशे बारा पेशंट मीच तुला उतरवून दिले होते, नावं झाकून, नुसत्या नंबरांनी. तुझ्या अहवालात आहेत दोनशे एक्क्याऐंशी. उरलेले गेले कुठे म्हणून शोधलं, तर तळाला बारीक अक्षरात लिहिलंय, ‘उपचार अपूर्ण, म्हणून वगळले.’

अरे, अपूर्ण का राहिले, हे विचारायला तुझी जीभ झडली होती का? कंटाळा आला म्हणून घरी गेले ते? मान भाजून सोलली होती, थुंकीसुद्धा गिळवत नव्हती, म्हणून गेले. ज्यांना सगळ्यात जास्त बाधलं तेच तू काढून टाकलेस आणि उरलेल्यांवरून प्रोग्रॅमला शिकवलंस की बहुतेकांना फारसं काही होत नाही. शाळेनं नापासांची नावं खोडून शंभर टक्के निकाल लावावा, त्यातलीच ही गत. फोन केला तर मला समजावतोस, “ताई, अर्धवट माहिती वगळायचीच पद्धत असते.” माझं डोकंच फिरलं.

त्या एकतिसातला दोनशे सात नंबर मला पाठ आहे. ती आपली आई. पस्तीस सिटिंग ठरली होती, झाली अठरा. शेवटच्या दिवशी मी मास्क काढला, तर गळ्याची कातडी त्याला चिकटून आली. “उद्यापासून मी येणार नाही गं,” एवढंच म्हणाली, वर मलाच पाणी पी म्हणाली. तुझी परीक्षा होती, म्हणून यातलं काही तुला कळू द्यायचं नाही असं मला बजावलं. कॅन्सर उलटला आणि ती गेली, तेवढंच तुला माहीत. रजिस्टरात ‘अपूर्ण’ मीच लिहिलं. कारणाचा रकाना आमच्याकडे नाहीच, आणि इतक्या वर्षांत मलाही तो आखावासा वाटला नाही. तेव्हा या रागातला माझा वाटा मी नाकारत नाही.

गेले तीन आठवडे ड्यूटी संपली की आपलं सोडून त्या बाकीच्या तीस घरांना फोन करतेय. पाच जणांची कारणं वेगळी निघाली. आई धरून बाकी सव्वीस रेडिएशननं भाजले म्हणून थांबले होते. सगळं लिहून सोबत जोडलंय. साहेबांना दाखवलं, तर ते म्हणतात, पुढच्या सुधारणेत बघू. माझ्या शंभर अर्जांनी ते हलणार नाहीत, तुझ्या एका फोननं सोमवार पुढे ढकलतील.

आणखी एक, जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं. गेल्या महिन्यात माझ्या घशात गाठ निघाली. सोमवारच्या यादीत पहिलं नाव माझं आहे. यादीतल्यांचे रिपोर्ट आधीच टाकून ठेवलेत, त्यामुळे तुझ्या प्रोग्रॅमचं माझ्यापुरतं उत्तर कालच आलं : ‘धोका कमी, पूर्ण डोस.’ कोण जाणे, खरंही असेल. पण मी आईचीच लेक आहे, आणि मला भीती वाटतेय रे. अठराव्या दिवशी मीही उठून घरी गेले, तर मलाही वगळशील का?

तुझीच,
चिडलेली ताई