तुमच्या बहिणीचा मोतीबिंदू

भटवाडी, घाटकोपर
नोव्हेंबर १९८६

आदरणीय काशीरामभाऊ,

धोंडूचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एक हात लिहिण्यात अडकलाय, तरी जोडलाच असं समजावं). तुमची कंबर कशी आहे? गाय व्यायली का? इकडे सगळं ठीक, आणि ते कसं झालं हेच सांगायला बसलोय. तुमची बहीण स्वतःबद्दल दोन ओळी लिहिणार नाही, आणि मला चार पानं पुरणार नाहीत.

द्रौपदीला वर्षभर धड दिसत नव्हतं. आधी चहात मीठ पडलं, ते मी प्यायलो. मग ती शिळे बांगडे घेऊन आली, तेही खाल्ले. पण जिने उभ्या जन्मात कुणा मासेवालीला फसवू दिलं नाही (तिला लांबून बघूनच त्या टोपली झाकायच्या), तिने त्या दिवशी पिशवी खुंटीला लावली आणि सुनेला म्हणाली, आता तूच जा. हे मला बांगड्यांपेक्षा जड गेलं. शेवटी मुलगा चंद्रप्रकाश आणि मी तिला इथल्या एका इस्पितळात घेऊन गेलो.

डॉक्टर कोवळा होता. त्याने तिच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि चंद्रप्रकाशकडे वळून म्हणाला, "मोतीबिंदू आहे. पण अडुसष्ट वय म्हणजे आता काय बघायचं राहिलंय? आजी घरातच असतात ना? ऑपरेशनला कामाधंद्याच्या माणसांची रांग आहे. चालवून घ्या." द्रौपदी त्याच्यासमोरच स्टुलावर बसली होती, पण हा बोलत होता असा की जणू स्टूल रिकामंच आहे. आमचा चंद्रप्रकाश (साकीनाक्याला लेथवर वाघ, डॉक्टरपुढे गोगलगाय) मान हलवून उठला. मीही उठलो, खोटं कशाला सांगू.

तुमची बहीण उठली नाही. तीही चंद्रप्रकाशकडेच वळली आणि बाहेरच्या बाकड्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चंदू, विचार रे तेंका, जेवले काय? झोप बरी लागता काय? लहान वय आसा, समाजणा नाय तेंका. आवशीक घेऊन येवक सांग."

डॉक्टर गोरामोरा झाला. "आजी, आईला कशाला आणू? मी इथेच आहे. माझ्याशी बोला ना."

"मी पण हयच आसंय," द्रौपदी म्हणाली.

बाहेरच्या बाकड्यांवर खसखस पिकली (तिथे आमच्याच वयाची मंडळी होती, सगळ्यांना "चालवून घ्या" सांगितलेली). तो गलका ऐकून शेजारच्या खोलीतून मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खुर्ची ओढली, थेट द्रौपदीसमोर बसल्या आणि तिलाच विचारलं, "आजी, काय बघायचंय तुम्हाला?" मला वाटलं, देवाचं नाव घेईल, निदान नातवंडांचं. ती म्हणाली, "बांगड्याचे कल्ले." बाई हसल्या नाहीत. रक्त तपासायला सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. ऑपरेशनच्या दिवशी तिचा हात धरून आत नेणारा तोच कोवळा डॉक्टर होता. जाता जाता तिने त्याला पुन्हा विचारलं, जेवलास काय. या वेळी त्याच्याकडे तोंड करून.

आता जाड भिंगांचा चष्मा आलाय. परवा ती एकटी बाजारात गेली. मी मागोमाग गेलो (मी म्हणतो काळजीने, ती म्हणते पाळत ठेवायला). तिने कल्ला उचलून मासा ताजा आहे का ते बघितलं, भांडण काढलं आणि ते जिंकलं. मी भाजीवाल्यापाशी उभा होतो. त्याला म्हटलं, ती माझी बायको. त्याने काही विचारलं नव्हतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धोंडू

ता.क. चष्म्याने तिला जरा जास्तच दिसायला लागलंय. चालताना मी जांघेवर हात दाबतो, तेही दिसलं. हर्निया आहे, पट्ट्यावर माझं छान भागत होतं. पण तिने मला त्याच इस्पितळात नेऊन तारीखसुद्धा घेतली. भाऊ, ती तुमचं एकट्याचं ऐकते. तिला लिहा की त्र्याहत्तरीत कापाकापी बरी नव्हे, माणसाने चालवून घ्यावं. मी सुचवलं हे कळू देऊ नका.

आणखी एक. पत्र लवकर टाका. मी तिथल्या डॉक्टरला माझं वय दोनदा सांगून पाहिलं, तेही पाच वर्षं वाढवून. त्याने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. हल्लीच्या डॉक्टरांना वयाची काही कदरच राहिलेली नाही.