दुधाच्या दाताची ठेवीदार

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
दंतपेशी साठवण केंद्र.

विषय : ठेवीदार समक्ष हजर राहू शकत नसल्याने तिचा दुधाचा दात संशोधनासाठी देण्याबाबत.
संदर्भ : १) आपले पत्र, 'ठेवीदाराने स्वतः उपस्थित राहावे'. २) खिडकी क्रमांक दोनवर मी घातलेल्या चार खेपा.

महोदय,

१. मी चष्म्याच्या काचा घासण्याचे काम करतो. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिचा पुढचा दात हलू लागला. त्याच सुमारास माझ्या आईचे पाय लुळे पडले होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की दुधाच्या दाताच्या गाभ्यात मूळपेशी असतात. त्यांच्यापासून नसा, हाडे दुरुस्त होतील का याचे संशोधन चालू आहे, मात्र आज खात्री देता येत नाही. मुलीने त्यातले सोयीचे तेवढे ऐकले. "म्हणजे माझ्या दाताने आजी चालेल!" आम्ही तिची समजूत दुरुस्त केली नाही. दाताची बाटली तिने आपल्या केंद्रापर्यंत स्वतःच्या मांडीवर धरून आणली, मला हात लावू दिला नाही.

२. आई चालली नाही. आठ महिन्यांनी ती गेली. "त्यांनी माझा दात वापरलाच नाही," म्हणून मुलगी आपल्या कार्यालयावर बरेच दिवस रुसून होती. नवव्या वर्षी तिच्या मेंदूत ताप गेला आणि तीन दिवसांत सगळे आटोपले.

३. नसांवर काम करणारी एक प्रयोगशाळा हा दात घेण्यास तयार आहे. परंतु नियमाप्रमाणे ठेवीदाराने सज्ञान झाल्यावर स्वतः संमती द्यावयाची आहे. खिडकीवरील कारकुनांनी मृत्यूचा दाखला दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, "काका, यात मयत असा रकानाच नाही हो. परगावी लिहू का?" मागे रांग होती. मी "लिहा" म्हणालो. ही नोंद माझ्या तोंडून झाली, तिची मला लाज वाटते. ती कृपया खोडावी.

४. दात प्रयोगशाळेकडे जाताच तिची फाइल बंद होईल, हे मला समजते. मात्र पत्ता तपासण्यासाठी आपल्याकडून दरवर्षी एक बाई फोन करतात. त्या मुलीचे नाव, माझे नाव, आडनाव असे सगळे सावकाश उच्चारतात आणि "आहे का?" विचारतात. माझी पत्नी "शाळेत गेलीय" म्हणते आणि फोन ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहते. आमच्या घरात ते नाव आता कोणाला घेववत नाही. तरी फाइल बंद करण्यापूर्वी तो फोन आणखी एकदा करावा, ही विनंती. त्या वेळी मीही घरी थांबेन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
ठेवीदाराचे वडील

दिनांक : १४ जून

सोबत : मृत्यूचा दाखला, प्रयोगशाळेचे संमतिपत्र.