अर्धा कापलेला ढग

२४ जून, सान हुआनचा दिवस

आले एकदाची! लोमा सेका गावाच्या टोकाला, पठाराच्या काठावर उभं असलेलं हे मातीच्या विटांचं घर आता माझं आहे. सांता फेच्या इस्पितळातल्या धुलाईघरात लोकांच्या चादरी उकळण्यात आयुष्य गेलं. नवरा कधीच दुसरीबरोबर पसार झाला. भाऊ म्हणाला, ओतिलिया, एकटी बाई त्या ओसाड माळावर काय करणार, धूळ खाणार? म्हटलं, धूळ तरी माझ्या दारची असेल.

सकाळी गावातल्या बायका पाटात डुंबत होत्या, आजच्या दिवशी पाणी पवित्र होतं म्हणून. शेजारच्या रुफिनाने मला कपड्यांसकट आत ओढलं. सत्तरीची बाई, पण हाताची पकड सांडशीसारखी. सगळं गाव तिला तिया म्हणतं, म्हणजे मावशी. तिचा नवरा एलिसेओ गावचा पाटकरी. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते तो ठरवतो. दुपारी तियाने हिरव्या मिरचीचं कालवण पाठवलं आणि वर निरोप, की शहरी जिभेला सोसलं नाही तर कोंबड्यांना घाल. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण पातेलं चाटूनपुसून परत केलं.

३ जुलै

पावसाळा लागला. सकाळी ऊन नुसतं भाजून काढतं. दुपारी डोंगरावर ढग फुगतात आणि बघता बघता माळावर विजा नाचायला लागतात. इथे झाड नाही, आडोसा नाही. त्यामुळे पहिला गडगडाट कानावर आला की शेतातला जो तो फावडं टाकून घर गाठतो. एलिसेओ म्हणतो, तीच आमची घंटा.

तियाने मला ढग कापायला शिकवलं. वादळ घरावर चालून आलं की बाईने दारात उभं राहून स्वयंपाकघरातली सुरी ढगावर रोखायची. एक वार उभा, एक आडवा, म्हणजे हवेत क्रूस. मग सुरी जमिनीत खुपसायची. ढग फाटतो आणि निरुपद्रवी होऊन निघून जातो. मी हसले. तिया म्हणाली, "हस, हस! पण दोन्ही वार लागोपाठ कर हं. मध्ये पाठ फिरवलीस तर त्याच पाठीत रट्टा घालीन."

८ जुलै

आज ढग कापला! अगदी छपरावर आला होता, काळाकुट्ट. सुरी उचलली आणि उभा वार केला. खरंच, ढग वरपासून खालपर्यंत दुभंगला. मध्ये निळं आकाश! मी आनंदाने ओरडलेच. तेवढ्यात टपोरे थेंब पडले आणि दोरीवरच्या चादरी आठवल्या. अंगात मुरलेली सवय, दुसरं काय? सुरी टाकली आणि चादरी काढायला धावले. परत येऊन बघते तर ढगाचे दोन तुकडे दोन दिशांना निघून गेले होते. आडवा वार राहिलाच. पण काम झालं की! चादरी कोरड्या, घर शाबूत.

११ जुलै

तियाच्या तीन मेंढ्या वीज पडून मेल्या. मी खिडकीतून पाहिलं. पांढरा लखलखाट झाला आणि मेंढ्या आडव्या. पण आवाज आला नाही. मी वाट बघत राहिले. आवाज आलाच नाही.

१४ जुलै

आकाश स्वच्छ असताना अंगणातल्या भाकरीच्या भट्टीत गडगडलं. आधी वाटलं, आत मांजर शिरलं असेल. वाकून पाहिलं, तर गार राख. माझ्या तोंडावरच पुन्हा गडगडलं, दातांपर्यंत हादरा बसला. मीही भट्टीला एक लाथ घातली. माझ्या घरात मला कोण भिववतो?

१७ जुलै

एलिसेओवर वीज पडली. पाटाचं दार उघडत होता. गर्जना झाली नाही, म्हणून तो पळाला नाही. जिवंत आहे, पण अर्धं अंग भाजलंय आणि कान गेले. त्याचे बूट पाटात तरंगत होते.

मी तियाजवळ सगळं ओकले. दोरी, चादरी, राहिलेला वार. तिने नवऱ्याच्या पायाला तेल लावून संपवलं. मग म्हणाली, "वीज एका अर्ध्यात गेली आणि आवाज दुसऱ्यात. तो आवाज तुझ्या घरी येऊन बसलाय, पोरी. चादरीच वाळवायच्या होत्या तर शहर काय वाईट होतं?"

मी उपाय विचारला. म्हणाली, उपाय नाही. खोटं बोलत होती. मी हटले नाही, तेव्हा बोलली. ज्या हाताने पहिला वार केला त्याच हाताने दुसरा करायचा, आणि तोही ढग थेट डोक्यावर असताना, उघड्यावर. त्या विजेखाली हातात लोखंड घेऊन उभं कोण राहणार?

१९ जुलै

गावचे लोक आले. सगळे टोप्या हातात धरून, अदबीने. म्हणाले, बाई, तुम्ही जा. तुम्ही गेलात तर आवाज तुमच्यामागे जाईल, आणि आवाजामागे वीज. मी विचारलं, कुठे? ज्या गावी मी जाईन तिथे पाटकरी नाहीत का? तिथली माणसं माणसं नाहीत का? सगळे टोप्या डोक्यावर चढवून निघून गेले.

मी भ्यालेय. लिहून ठेवते, म्हणजे लपवायला नको. पण जाणार नाही. घाण मी केली, धुणारही मीच.

२१ जुलै

आवाज आता भिंतीत आहे. पलंगाखाली आहे. बशा फडताळात थडथडतात. मीही मोठ्याने गाणी म्हणते. बेसूर. ऐकू दे त्याला.

२३ जुलै

सकाळपासून घर शांत. कुठेच नाही. मग अंगणातली कोंबडी हाकलायला तोंड उघडलं आणि —

माझ्या तोंडातून आला. गडगडाट. खिडकीची काच तडकली.

आता तो माझ्या छातीत आहे. बोलता येत नाही. श्वास घेतला की आत घुमतो.

२५ जुलै, दुपार

ढग आलाय. दारात बसलेय, वही गुडघ्यावर, सुरी उजव्या हाताशी. विजा नुसत्या चमकतात. जरासुद्धा आवाज नाही.

आणि तिया शेतात आहे! तिची पाणपाळी आहे आज. काल मी हातवारे करून नको म्हटलं, तर म्हणाली, मका काय माझ्यासाठी सुतक पाळणार आहे? पाठमोरी उभी आहे. खांद्यावर फावडं. ढग तिच्या डोक्यावर चाललाय, तिला पत्ताच नाही —

हाक मारायला आवाज कुठाय —

आहे की. आहे!

सोडला. सगळाच्या सगळा, छाती फाटेपर्यंत. अख्खा माळ दणाणला. तोंडात रक्त आलंय. तियाने फावडं फेकलं आणि बांधाआड सपाट आडवी झाली. ऐकू आली तिला घंटा!

ढगालाही ऐकू आलं. थांबला. वळला. माझ्याकडे येतोय.

ये. इकडे ये, मेल्या. तिला सोड.

उभी राहिले. सुरी उजव्या हातात, वही उजव्या कोपरात दाबून डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वेडंवाकडं. केस उभे राहिलेत. सुरी गुणगुणतेय.

अंगणात आले. डोक्यावर आहे. उभा वार त्या दिवशीच झालाय माझा, आता आडवा, डावीकडून उज—